अंकीचा नंबर

१

उन्हाळ्यात सोलापूरची दुपार म्हणजे कर्फ्यूच. एक वाजला की कानाच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद व्हायचा, तो थेट पाचला उघडायचा. प्रियदर्शनी तिथं सतरा वर्षं कान तपासत होती. पेशंटला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचा, काचेपलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे आणि आवाज आला की बटण दाबा म्हणायचं. काही पेशंट आवाज सोडलेला नसतानाही बटण दाबायचे, वर भांडायचे, "आत्ता आला की हो मॅडम!" तिला त्यांचं कधी हसू आलं नाही. ऐकायची फार इच्छा असली की कान ऐकतो, एवढं या कामानं तिला शिकवलं होतं.

दीडपर्यंत ती विजापूर रोडवरच्या घरी पोचायची. आई, केराबाई, भाकरी करून वाट बघत बसलेली असायची. वडील गेल्यापासून आई तिच्याकडेच होती. जेवण झालं की आई दोन्ही कानांतली यंत्रं काढून स्टीलच्या डबीत ठेवायची आणि हॉलमधल्या दिवाणावर आडवी व्हायची. यंत्रं काढली की आईला कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नसे. प्रियदर्शनी मग लेकीच्या खोलीत जायची. ऋतुजा क्लाससाठी लातूरला होस्टेलवर होती, खोली रिकामीच होती आणि घरातला एकुलता एक कूलर त्या खोलीत होता.

मार्चअखेरीला तिचा नवरा जोतिराम टॉवेलच्या कारखान्याच्या कामाला पुण्याला गेला आणि येताना तिच्यासाठी एक खोकं घेऊन आला. आत दोन्ही हातांत धरायचा, पुस्तकाएवढा गेम होता.

"चालू करून बघ," तो म्हणाला.

तिनं चालू केला. काळ्या पडद्यावर एक तांबडा ठिपका पेटला, मोठा झाला, त्याचा कंदील झाला आणि कंदिलामागून टोपरं घातलेलं एक ठेंगणं पोरगं बाहेर आलं.

"अहो, हा कंदील्या!"

"कंपनीनं जुने सगळे भाग नव्यानं काढलेत म्हणे. तू लग्नात सांगितलं होतंस की, लहानपणी हाच खेळायचे म्हणून."

बावीस वर्षांपूर्वी सांगितलेलं त्याच्या लक्षात राहिलं याचंच तिला भरून आलं. खेळाचं खरं नाव इंग्रजीत काहीतरी होतं. पण नव्वदच्या दशकात ज्याच्या घरी टीव्हीगेम होता त्या प्रत्येकाच्या तोंडी कंदील्याच होतं. जमिनीखालच्या एकामागून एक गावांतून कंदील घेऊन पळायचं, खड्डे ओलांडायचे, वटवाघळं चुकवायची आणि शेवटच्या दारातून उजेडात यायचं. खड्ड्यात पडलं की कंदील विझायचा आणि पाच सूर पायऱ्या उतरल्यासारखे खाली खाली वाजायचे.

नव्या गेममध्ये रंग होते, सावल्या होत्या, पाण्यात कंदिलाचा उजेड हलत होता. सूर मात्र तेच होते. ती रोज दुपारी अर्धा तास खेळायला लागली.

२

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दुसऱ्या सोमवारी ती तिसऱ्या गावातल्या विहिरीत पडली, पाच सूर वाजले आणि पडद्यावर अक्षरं आली, "प्लेअर टू, रेडी." खाली निळा कंदील घेतलेलं पोरगं उभं होतं.

गेम सुरू करताना ती दोघांचा पर्याय कधीच निवडत नसे. बोट चुकलं असेल, असं तिला वाटलं. जुन्या गेमचा नियम इथंही ठेवला होता. दोघांनी खेळायचं तर एकाचा जीव गेला की दुसऱ्याचा नंबर, त्याचा गेला की पुन्हा पहिल्याचा. तिनं बटणं दाबून पाहिली. निळा कंदील हलेना. उडी नाही, पळणं नाही. गेम हातात होता आणि तरी त्याचा चालवणारा दुसरीकडं असावा, असं काहीतरी ते होतं. बंद करायचं बटण तिनं दाबलं, पण तेही चालेना. पाच वाजत आले होते. तिनं गेम तसाच उशीवर ठेवला आणि दवाखान्यात गेली.

रात्रीची भांडी आवरण्याआधी ती तो उचलायला गेली तेव्हा पडद्यावर तिचा तांबडा कंदील होता. "प्लेअर वन, रेडी." वरच्या कोपऱ्यात निळ्या कंदिलासमोर आकडा होता. कुणीतरी पहिलं गाव अर्धं पार केलं होतं.

"तुम्ही खेळलात का?" तिनं जोतिरामला विचारलं.

"मला उडी मारायचं बटण कुठलं ते ठाऊक नाही. आपोआप चालत असेल. दुकानात ठेवलेले गेम नाही का आपले आपणच खेळत बसतात?"

हे पटण्यासारखं होतं. आठवडाभर रोज तसंच होत राहिलं. मग एका दुपारी ती मरेपर्यंत खेळली, गेम उशीवर ठेवला आणि समोर खुर्ची घेऊन बसली. निळा कंदील जागेवरच उभा होता. वीस मिनिटं झाली तरी तो हलला नाही. मग ती पाणी प्यायला उठली, खोलीचं दार मागं आपसूक लोटलं गेलं आणि माठाशी पोचेपर्यंत तिला आत उड्यांचा आवाज ऐकू आला.

टुक टुक. टुक टुक.

ती दारापाशी परत आली, पण दार उघडलं नाही. उड्या दोन-दोन होत्या. आधी जागच्या जागी एक, मग खड्ड्यावरून एक. तिचा हात कडीवर तसाच राहिला. असं खेळणारं माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिलं होतं.

३

वडील, मायाप्पा, रेल्वेत गँगमन होते. होटगीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या. शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्यांनी सोलापूरच्या नव्या पेठेतून टीव्हीगेम आणला आणि दोन्ही मुलींना मिळून वापरा म्हणून सांगितलं. प्रियदर्शनी बारा वर्षांची होती. अंकिता, म्हणजे अंकी, नऊ वर्षांची. अंकी प्रत्येक खड्ड्याआधी जागच्या जागी एक उडी मारून घ्यायची. "पायात जोर येतो," म्हणायची. दुसऱ्या उडीला उशीर व्हायचा आणि ती पडायची. दुसऱ्या गावापुढं ती कधी गेलीच नाही.

मे महिन्यात अंकीला ताप आला. उतरायचा, चढायचा. गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. चौथ्या दिवशी दुपारी आई दळण आणायला गेली होती आणि प्रियदर्शनी खेळत होती. त्या दिवशी तिला सगळं साधत होतं. एकाच जिवावर चार गावं झाली, पहिल्यांदाच पाचवं दिसलं. मागं गादीवर अंकी कुशीवर पडून बघत होती. पायावर पाय घासायची तिला सवय होती, तो आवाज येत होता.

"अक्का, माझा नंबर कधी?"

"मेले की तुझाच."

थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला. "अक्का, मर की गं लवकर."

"थांब, मरते आता," प्रियदर्शनी म्हणाली आणि मेली नाही. कशाला मरेल? पाचवं गाव होतं. नंतर कधीतरी पाय घासायचा आवाज थांबला. पोरगी झोपली, असं तिला वाटलं. आई आली, तिनं कपाळाला हात लावला आणि ओरडली. संध्याकाळच्या पॅसेंजरनं वडिलांनी अंकीला सोलापूरला नेलं. तिसऱ्या दिवशी वडील एकटेच परत आले.

टीव्हीगेम कुणी कुणाला दिला, फेकला की पुरला, प्रियदर्शनीला कळलं नाही. घरात कुणी बोललं नाही आणि तिनंही विचारलं नाही. ती दुपार तिनं जोतिरामलासुद्धा सांगितली नव्हती. बहीण तापानं गेली, एवढंच त्याला माहीत होतं.

४

आता दाराआड उड्या चालल्या होत्या आणि ती, सतरा वर्षं लोकांचे कान तपासलेली बाई, स्वतःला सांगत होती की हे आपल्याला ऐकायचं आहे म्हणून ऐकू येतंय. पाच सूर वाजले. खाली, खाली, खाली. उड्या थांबल्या.

मागं हॉलमध्ये दिवाण करकरला. आई उठून बसली होती.

"पडली वाटतं," आई म्हणाली.

प्रियदर्शनी वळली. स्टीलची डबी दिवाणाच्या कडेला होती आणि यंत्रं तिच्या आत होती.

ती आईसमोर जाऊन बसली आणि ओठ वाचता येतील असं सावकाश म्हणाली, "आई, कोण पडलं?"

"अंकी गं. रोजच्या रोज खेळती की दुपारची." आईचा चेहरा शांत होता. "मला वाटलं तुला ठावं हाय."

"तुला ऐकू येतंय?"

"व्हय. बाकीचं काय न्हाय येत. तेवढं येतंय." आईनं डबीचं झाकण दाबलं. "ती मरती तवा जे वाजतंय ना, त्ये न्हाय सोसत मला."

त्याच संध्याकाळी प्रियदर्शनीनं आईला दवाखान्यात नेलं आणि काचेच्या खोलीत बसवलं. तपासणीच्या कागदावरची ऐकण्याची रेघ गेल्या वर्षीपेक्षा वर आलेली नव्हती, उलट थोडी खालीच गेली होती. गेमच्या त्या चिमुकल्या स्पीकरचा आवाज या कानांना पोचणं शक्य नव्हतं. तिनं दोनदा तपासलं. आई काचेपलीकडे मांडीवर बटण घेऊन गप्प बसली होती, देवळात बसावं तशी.

घरी येताना रिक्षात आईनं तिचा हात धरला. "तू भ्यालीस व्हय?"

"हो."

"मी बी भ्याले हुते. पयल्या दिशी." रिक्षा आसरा चौकात थांबली तेव्हा आई म्हणाली, "पर खेळू दे तिला. लेकरूच हाय की."

५

त्या रात्री प्रियदर्शनीला झोप लागली नाही. भीती होतीच, पण त्याहून एक साधा हिशेब तिच्या डोक्यात फिरत होता. तिनं खेळायचं थांबवलं तर नंबर तिच्याकडेच अडकून राहणार आणि अंकी तिथं तशीच वाट बघणार. तिचा नंबर यायचा तर आपण मरायला हवं. आणि आपल्याकडे नंबर परत येतो याचा अर्थ दर वेळी एकच आहे.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं गेम हातात घेतला, पहिल्याच खड्ड्याकडं तांबडा कंदील चालवत नेला आणि सरळ आत सोडला. पाच सूर वाजले. तिनं गेम उशीवर ठेवला, कूलर चालू केला आणि बाहेर येऊन दार लोटलं.

टुक टुक. टुक टुक.

दोन मिनिटांत पाच सूर. आई दिवाणावर डोळे मिटून बसली होती, सुरांसरशी तिच्या खांद्यांना हिसका बसला. प्रियदर्शनी आत गेली, पुन्हा मेली, पुन्हा बाहेर आली. त्या दुपारी ती अकरा वेळा मेली.

असं चार दिवस चाललं. जोतिरामला तिनं काही सांगितलं नाही. दुपारी तो कारखान्यात असायचा. मायलेकी दारासमोर बसायच्या, आई दिवाणावर, ती खाली फरशीवर. मुलीची परीक्षा चालू असावी आणि बाहेर आईबाप बसावेत, तशा त्या दिसत असाव्यात. आवाज प्रियदर्शनीला पाठ होते. ही वटवाघळं, आता विहीर, आता हलती फळी. आई विचारायची, "आता कुटं हाय ती?" आणि ही सांगायची, "दुसऱ्या गावात आहे. पुलावर."

अंकी शिकत होती. दोन मिनिटांची सात झाली, सातांची वीस झाली. एक दिवस तिसरं गाव ओलांडलं तेव्हा आईनं तोंडाला पदर लावला आणि हसली. पण चौथ्याच्या तोंडाशी पाच सूर वाजले आणि आई उठून स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पाचव्या दिवशी पाऊण तास झाला तरी सूर वाजले नव्हते. चौथं गाव संपलं. क्षणभर शांतता पसरली आणि मग दाराआडून पाचव्या गावाचं संगीत सुरू झालं. प्रियदर्शनीनं ते एकोणतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. पहिल्याच सुराला ती फरशीवर ताठ बसली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"पाचवं आलं, आई."

 आईनं पाय वर घेतले.

तेवढ्यात संगीतात एक तिसराच आवाज मिसळला. टीं. थोड्या वेळानं पुन्हा टीं. प्रियदर्शनीला दोन क्षण लागले. बॅटरी संपत आली होती. चार दिवस चार्जिंगला लावायचं भान कुणाला होतं? गेम बंद पडला तर सगळं जाणार होतं. आणि वायर टेबलावर होती, आत.

"आई, त्याची बॅटरी उतरली."

"मग जा की. लाव वायर."

"ती आत आहे."

"म्हून तर," आई म्हणाली.

६

तिनं दार ढकललं. पडदे ओढलेले होते, कूलर फरफरत होता, वाळ्याच्या वासाचा गारवा होता. ऋतुजाची पुस्तकं, भिंतीवरचा तक्ता, सगळं जागच्या जागी होतं. प्रियदर्शनीनं ठरवलं होतं की नजर खाली ठेवायची. तिनं टेबलावरची वायर घेतली, भिंतीच्या प्लगला लावली आणि दुसरं टोक घेऊन पलंगाशी उकिडवी बसली.

गेम उशीला टेकून उभा होता. तिनं तो आडवा ठेवला होता. बटणं आत जात होती, वर येत होती. टुक टुक. निळा कंदील पाचव्या गावाच्या कौलांवरून पळत होता.

वायर खुपसताना तिचा हात उशीजवळ गेला आणि तिला चटका बसल्यासारखं झालं. खोली गार होती. पण तिथं, उशीच्या वर वीतभर जागेत, हवा तापलेली होती. ऊन तापतं तशी नव्हे. ती ऊब आतून येत होती, कोरडी आणि धपापती.

वर पाहू नकोस, तिनं स्वतःला बजावलं आणि पलंगाच्या पायथ्याकडं पाहिलं. चादर पसरलेली होती. चादरीच्या खालच्या टोकाला एक लहानसा उंचवटा होता आणि तो हलत होता. एका पायानं दुसरा पाय घासावा तसा. थांबत होता, पुन्हा हलत होता.

ती ओरडली नाही. वायर नीट बसल्याचं तिनं बोटानं चाचपून पाहिलं. मागं दारात आई येऊन उभी राहिली होती.

"ताप हाय का?" आईनं विचारलं.

"हाय," प्रियदर्शनी म्हणाली. कितीतरी वर्षांत ती 'हाय' म्हणाली नव्हती. "लई हाय, आई."

आई परत गेली आणि वाडग्यात पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याची फाडलेली पट्टी घेऊन आली. पलंगावर, उशीच्या बाजूला, ती अलगद बसली. "सरक गं बाय जरा," म्हणाली. पट्टी पिळली, घडी घातली आणि न चाचपडता, जिथं ठेवायची तिथं ठेवली.

पट्टी उशीला टेकली नाही.

प्रियदर्शनीनं तोंड फिरवलं. भिंतीकडं बघत ती म्हणाली, "आई, मी तेव्हा मेले नाही गं. ती सारखी म्हणत होती."

आईला यंत्राशिवाय ऐकू येणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. आई पट्टी उलटवत राहिली. मग तशीच, मान न वळवता म्हणाली, "तू पोर हुतीस. मी दळणाला गेलते. मी कशाला गेलते?" आणि थोड्या वेळानं, "जा. भाईर बस. मी हाय हितं."

७

पाचला दहा कमी असताना प्रियदर्शनीनं दवाखान्यात फोन करून येत नाही म्हणून कळवलं. ती दिवाणावर बसून राहिली. आत पाचव्या गावाचं संगीत पुन्हा पुन्हा फिरत होतं. मधून वाडग्यात पट्टी बुडाल्याचा, पिळल्याचा आवाज येत होता. तिचे कान पाच सुरांसाठी इतके ताणले होते की जबडा दुखायला लागला.

साडेपाचच्या सुमारास सगळं थांबलं. सूर वाजले नाहीत. एकच बारीक आवाज झाला, टिंग, जो तिला ओळखता आला नाही, आणि मग नुसता कूलर ऐकू येत राहिला.

ती उठून उभी राहिली. दार उघडून आई बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपली," आई म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता, पण चेहरा असा मोकळा प्रियदर्शनीनं कधी पाहिला नव्हता. "घाम फुटला. ताप उतरला बघ."

प्रियदर्शनी आत गेली. पट्टी वाडग्याच्या काठावर वाळत पडली होती. चादर वरपर्यंत ओढलेली होती आणि कडेनं नीट खोचली होती. गेम उशीशेजारी होता. त्याच्या पडद्यावर पाचव्या गावातला सगळ्यात रुंद खड्डा होता आणि निळा कंदील त्याच्या बरोबर वर, हवेत, उडीच्या मध्यावर थांबला होता. कंदील पेटलेला होता. वर एकच शब्द होता, "पॉज."

मघाची टिंग त्याचीच होती. तिनं गेमला हात लावला नाही.

संध्याकाळी जोतिराम आला. नेहमीप्रमाणे बूट काढून तो कूलरच्या खोलीकडं वळला आणि पलंगावर टेकणार, एवढ्यात दारातून आई म्हणाली, "जावई, तितं नका बसू."

तो थबकला. त्यानं पलंगाकडं पाहिलं, वाडग्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. तिचे डोळे सुजलेले होते. पुष्कळ काही विचारायचं त्याच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं.

"कूलर बंद करू का?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"नको," प्रियदर्शनी म्हणाली. "बाहेर चला, सांगते."

जाताना ती भिंतीपाशी वाकली. प्लगचं बटण चालू होतं. त्याचा बारका तांबडा दिवा लागलेला तिनं नीट पाहिला, मग दार लोटून घेतलं.